सयामचा शब्दकर्ता राजपुत्र

पुढील चार शब्द वाचकांनी एकदा मोठ्याने उच्चारून पाहावेत: वत्थनथम, नयोबाय, अत्तनोमत, थोरथत. कानाला ते परके वाटतील. आता त्यांची मुळे पाहू. पहिला 'वर्धन' आणि 'धर्म' यांचा जोड आहे; अर्थ संस्कृती. दुसरा 'नय' आणि 'उपाय' यांचा सरळ संधी आहे, अर्थ धोरण. तिसरा पालीतील 'अत्तनोमति', म्हणजे आपल्या 'आत्मनः मति' या पदांचे भावंड, अर्थ स्वयंचलित. आणि चौथा आपल्या घरोघरी वर्षानुवर्षे नांदलेला 'दूरदर्शन'. थाई माणूस आपला 'द' हा 'थ'सारखा उच्चारतो आणि शब्दाची शेवटची अक्षरे गिळतो, म्हणून हे सगेसोयरे आपल्याला चटकन ओळखू येत नाहीत. लिहिताना मात्र तो मूळ अक्षरे प्रामाणिकपणे जपतो. जे उच्चारायचे नाही त्या अक्षराच्या डोक्यावर एक छोटीशी खूण करतो, पण ते गाळत नाही.

हे चारही शब्द एकाच माणसाच्या नावावर जमा आहेत. तो राजवंशातला होता, परराष्ट्रमंत्री होता, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा अध्यक्ष होता. आणि तरीही त्याच्या देशात आज त्याचे सर्वाधिक स्मरण होत असेल तर ते शब्दांमुळे. हीरकमहोत्सवी ग्रंथासाठी इतिहासविषयक लेख मागितला गेला, तेव्हा शिवकाल किंवा पेशवाई सोडून मी थेट बँकॉकला का निघाले, असे काहींना वाटेल. महाराष्ट्राबाहेर, दुसऱ्या लिपीतील पाट्यांच्या गावात मराठी माध्यमाची शाळा चालवणाऱ्यांना 'ज्ञान कोणत्या भाषेत घ्यायचे' हा प्रश्न दर जूनमध्ये भेटतो. या राजपुत्राने तो एका संपूर्ण राष्ट्राच्या पातळीवर हाताळला. त्याने दिलेले उत्तर आणि त्या उत्तराचे पुढे काय झाले, या दोन्ही गोष्टी आपण जाणून घ्याव्यात अशा आहेत.

त्यांचे नाव वान वैथयाकोन. संस्कृतात उलगडायचे तर 'वर्ण वैद्याकर'. कुलनाम वोरवान, म्हणजे 'वरवर्ण'. २५ ऑगस्ट १८९१ रोजी त्यांचा जन्म झाला. आजोबा राजे मोंगकुट. सयामचे दरवाजे पाश्चात्त्य व्यापाराला उघडणारे. राजे चूडालंकरण, ज्यांना जग चुलालोंगकोर्न म्हणून ओळखते, ते त्यांचे चुलते. वडील राजपुत्र नराधिप हे नाटककार आणि रंगभूमीचे वेडे. 'मादाम बटरफ्लाय'ची कथा त्यांनी सयामी वेषात 'साओ ख्रुआ फा' या संगीत नाटकात आणली. परक्याचे आपलेसे कसे करावे, याचा पहिला धडा मुलाला घरातच मिळाला असावा. वडिलांची राजपदवी होती 'नराधिप-प्रबंध-वंश'. पुढे १९५२ मध्ये मुलाला जी पदवी मिळाली ती होती 'नराधिप-वंश-प्रबंध'. दोन शब्दांची केवळ अदलाबदल! शब्दांचा संसार करणाऱ्या घराण्याला शोभेशीच गोष्ट.

राजवंशातील त्यांचा दर्जा मात्र उतरंडीतला खालचा होता. राजाच्या नातवाला 'मोम चाओ' म्हणत, आणि असे नातू बँकॉकमध्ये पुष्कळ होते. पुढे यायचे तर अभ्यासाच्या बळावरच. ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजात आणि नंतर पॅरिसच्या राज्यशास्त्राच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि ते परराष्ट्र खात्यात शिरले.

त्या काळी सयामच्या परराष्ट्र खात्याचे मुख्य दुखणे म्हणजे जुने विषम करार. १८५५ च्या बाउरिंग कराराने ब्रिटिश प्रजाजनांना सयामी न्यायालयांतून वगळले होते आणि आयात मालावरील जकात तीन टक्क्यांवर बांधून टाकली होती. मागोमाग इतर राष्ट्रांनीही तशाच सवलती घेतल्या. सयाम कधी कोणाची वसाहत झाला नाही, हे खरे; पण स्वतःच्या बंदरात स्वतःची जकात ठरवण्याची मुभा नसलेल्या देशाला पूर्ण स्वतंत्र तरी कसे म्हणावे? ही बंधने एकेक करून सोडवण्यात सयामी मुत्सद्द्यांची एक अख्खी पिढी खर्ची पडली. शेवटची गाठ १९३७ च्या करारांनी सुटली. वान या पिढीचे. १९२६ पासून ते लंडनमध्ये सयामचे वकील होते आणि राष्ट्रसंघातही देशाची बाजू मांडत. करारांच्या मसुद्यात एका शब्दाने काय उलथापालथ होते, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. १९३० मध्ये ते मायदेशी परतले आणि चुलालोंगकोर्न विद्यापीठात प्राध्यापक झाले.

दोनच वर्षांत, २४ जून १९३२ च्या पहाटे, मूठभर लष्करी अधिकारी आणि मुलकी अधिकाऱ्यांच्या 'जनपक्षा'ने राजाची निरंकुश सत्ता संपुष्टात आणली. रक्त जवळजवळ सांडले नाही. राजे प्रजाधिपोक सिंहासनावर राहिले, पण संविधानाच्या अधीन होऊन. राजघराण्यातील ज्येष्ठांची मात्र दाणादाण उडाली. सयामच्या शिक्षणखात्याचे आणि अंतर्गत कारभाराचे शिल्पकार, इतिहासकार राजपुत्र दामरोंग हे पुढच्याच वर्षी पेनांगला जाऊन राहिले. नव्या संविधानाने मोम चाओ आणि त्यावरील सर्व राजवंशीयांना 'राजकारणाच्या वर' ठेवले. सन्मानाच्या शब्दांत केलेली ती हकालपट्टीच होती. वान नेमके मोम चाओ. कायद्याच्या अक्षरानुसार त्यांचाही दरवाजा बंद झाला होता. पण नव्या राज्यकर्त्यांना एका गोष्टीची निकड होती आणि ती या राजपुत्राजवळ भरपूर होती.

त्यांना शब्द हवे होते.

ज्या गोष्टी सयामात पूर्वी कधी नव्हत्याच, त्यांना नावे कोठून असणार? जे घडले त्याला काय म्हणायचे? 'रेव्होल्यूशन' म्हणावे तर परका शब्द; 'राज्यकारभारातील बदल' म्हणावे तर फारच मिळमिळीत. २७ जून १९३२ ला जो पहिला तात्पुरता कायदा निघाला, त्याच्या नावात जुना 'थम्मनून' हा शब्द होता. कायद्याच्या जुन्या ग्रंथांतला, पोटात 'धर्म' बाळगणारा हा शब्द. वान यांनी सुचवले की त्याच्या मागे 'राष्ट्र' जोडावे. १० डिसेंबर १९३२ रोजी जे कायम संविधान जाहीर झाले, ते 'रत्थथम्मनून' या नावाने. एका प्राध्यापकाने सुचवलेला शब्द देशाच्या सर्वोच्च कायद्याच्या मस्तकावर बसला, आणि तोही काही महिन्यांत.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी 'प्रचाचात' नावाचे दैनिक काढले. 'प्रजा' आणि 'जाति' मिळून झालेल्या या शब्दाचा अर्थ राष्ट्र. संपादक म्हणून त्यांनी नेमले कुलाप साइप्रादित या तरुण कादंबरीकाराला, जो 'सिबुराफा' या टोपणनावाने थाई वाचकांचा लाडका झाला. राजाच्या नातवाने पैसा आणि नाव द्यावे, सामान्य घरातल्या लेखकाने पत्र चालवावे आणि दोघांनी मिळून नव्या राजवटीतील कल्पना लोकांना समजावून सांगाव्यात, असा तो मामला होता. कुलाप हे नाव लक्षात ठेवावे. पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

शब्द कसे घडवावेत, याविषयी वान यांचा विचार पक्का होता. साधा थाई शब्द भागत असेल तर तोच घ्यावा. नसेल तर पाली-संस्कृतकडे वळावे, कारण युरोपला ग्रीक-लॅटिन तसे आपल्याला ते भांडार आहे. आणि घडवलेला शब्द थाई जिभेवर बसला पाहिजे. यामागचे कारण त्यांनी १९३२ मधील व्याख्यानात सांगितले होते, आणि माझ्या मते तो त्यांच्या सगळ्या विचाराचा गाभा आहे. परका शब्द जसाच्या तसा उचलला, तर त्याबरोबर परका विचारही न तपासता आत येतो आणि समाज नको तितक्या वेगाने पळू लागतो. स्वतःचा शब्द घडवायचा म्हटले की थांबावे लागते. ही वस्तू नेमकी काय आहे, आपल्याकडे तिच्या जवळचे काय आहे, तिचे कोणते अंग आपल्याला हवे आणि कोणते नको, हे ठरवल्याशिवाय नाव ठेवता येत नाही. भाषा अशा रीतीने राष्ट्राची पावले जपून टाकायला लावते. मातृभाषेच्या बाजूने पुष्कळ जण भावनेने बोलतात. हा माणूस सावधपणाच्या बाजूने बोलत होता.

ते स्वतः किती थांबत याचे उदाहरण म्हणजे 'कल्चर'चा प्रतिशब्द. आधी त्यांनी 'वृद्धिधर्म' अशा अर्थाचा शब्द वापरून पाहिला, तो जिभेवर रुळेना, तेव्हा 'वर्धनधर्म' म्हणजे वत्थनथम आला. 'अत्तनोमत'मध्ये तर त्यांनी मौज केली आहे. पालीतील बौद्ध टीकाग्रंथांत 'अत्तनोमति' म्हणजे आचार्यांचे नव्हे, स्वतःचे मत. वान यांनी तो उचलून 'ऑटोमॅटिक' यंत्राला दिला: स्वतःच्या मतीने चालणारे. अर्थ जुळला आणि इंग्रजी शब्दाचा नादही जुळला. असा शब्द सापडल्यावर त्यांना काय आनंद झाला असेल!

आपल्या वाचकांना हे सारे अनोळखी वाटू नये. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला. दहा वर्ग, सुमारे चौदाशे शब्द. दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती आणि पेशव्याचा पंतप्रधान. गंमत अशी की लोकांनी पेशव्याला पेशवाच म्हटले. 'पंतप्रधान' हा शब्द मागे पडून राहिला आणि तीन शतकांनी स्वतंत्र भारताच्या प्रमुख मंत्र्यासाठी मराठीने तो नित्याचा केला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना अभिमान वाटावा असे दुसरे उदाहरण बडोद्याचे: सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराचा बहुभाषिक कोश प्रसिद्ध करविला, म्हणजे वान यांच्या उद्योगाच्या अवघे एक वर्ष आधी. 'दिनांक' आणि 'महापौर' हे सावरकरांचे शब्द आज आपण विचार न करता वापरतो. आणि 'संस्कृती'? भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी लिहून ठेवले आहे की हा शब्द १९२२ मध्ये पॅरिसमध्ये एका मराठी स्नेह्याकडून त्यांना मिळाला. रवींद्रनाथांना तो आवडला आणि बंगालीत 'कृष्टि' मागे पडून 'संस्कृति' रूढ झाली. म्हणजे बँकॉकमध्ये ज्या कल्पनेसाठी 'वत्थनथम' घडत होता, तिच्यासाठी मराठीने बंगालला शब्द दिला होता.

आमचे माजी विद्यार्थी लसावि आणि मसावि ही अक्षरे ऐकली की आजही हसतात. पण 'लघुतम साधारण विभाज्य' या नावात ती संख्या काढायची कशी याची अर्धी कृती सांगून ठेवलेली आहे, हे शिकवताना दर वर्षी नव्याने जाणवते. वान याच गोष्टीविषयी बोलत होते.

घडवलेल्या प्रत्येक शब्दावर मात्र एकमत झाले नाही. 'रेव्होल्यूशन'साठी वान यांनी दिलेला शब्द होता 'पतिवत': 'प्रति' आणि 'वृत्'. १९३२ च्या उठावाचे वैचारिक सूत्रधार प्रीदी फनोमयोंग यांना तो रुचला नाही. त्यांचे म्हणणे असे की 'प्रति' म्हणजे उलट. या शब्दातून मागे फिरण्याचा, पूर्वपदावर येण्याचा अर्थ निघतो, आम्ही तर देशाला पुढे नेले. त्यांनी 'अभि' उपसर्ग घेऊन 'अभिवत', म्हणजे विशेष वाढ, हा पर्याय पुढे केला. संस्कृतच्या तासाला उपसर्ग घोकणाऱ्या मुलांना हे सांगितले की त्यांचे डोळे चमकतात: दोन उपसर्गांवरून दोन पुढाऱ्यांचा वाद, आणि वादाचा विषय एका राष्ट्राची क्रांती! व्याकरणाच्या बाजूने पाहता मला प्रीदींचे म्हणणे अधिक पटते. रूढ मात्र वान यांचाच शब्द झाला.

आता त्यांच्या मुत्सद्देगिरीविषयी. सल्लागार म्हणून ते प्रत्येक मंत्रिमंडळाला हवे असत. १९४१ मध्ये फ्रेंच इंडोचीनबरोबरच्या लढाईनंतर टोकियोत जपानच्या मध्यस्थीने तह झाला, कंबोडिया-लाओसमधील काही प्रदेश थायलंडला मिळाले, वाटाघाटीला वान. १९४३ च्या नोव्हेंबरात जपानने टोकियोत पूर्व आशियातील मित्रराष्ट्रांची परिषद भरवली. हुकूमशहा पंतप्रधान फिबून यांनी स्वतः जाणे टाळले आणि वान यांना पाठवले. त्या परिषदेत आझाद हिंदच्या वतीने निरीक्षक म्हणून बसले होते नेताजी सुभाषचंद्र बोस. युद्ध जपानने हरले. १९४६ मध्ये थायलंडला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश हवा होता, फ्रान्सच्या हाती नकाराधिकार होता आणि फ्रान्सला ते प्रदेश परत हवे होते. वॉशिंग्टनला वाटाघाटीसाठी गेले ते पुन्हा वानच. पाच वर्षांपूर्वी जे घेतले ते परत दिले, आणि १६ डिसेंबर १९४६ रोजी थायलंड संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला. पराभूत पक्षाशी हातमिळवणी केलेला देश इतक्या लवकर सन्मानाने आत बसला, यात या माणसाच्या गोड जिभेचा वाटा मोठा आहे.

१९५३ मध्ये आमसभेच्या अध्यक्षपदासाठी ते उभे राहिले आणि पराभूत झाले. विजयी झाल्या विजयालक्ष्मी पंडित. त्यांचे दिवंगत पती रणजित सीताराम पंडित हे राजकोटच्या मराठी घराण्यातील संस्कृतज्ञ, 'राजतरंगिणी'चे भाषांतरकार. वान यांची आणि त्यांची गाठ पडली असती तर गप्पा उपसर्गांवर नक्की रंगल्या असत्या. पुढच्या वर्षी जिनिव्हाच्या परिषदेत कोरियाविषयीच्या बैठकांचे अध्यक्षपद ईडन, मोलोटोव्ह आणि वान यांच्याकडे आळीपाळीने होते. १९५५ मध्ये बांडुंगला आशिया-आफ्रिकेची परिषद भरली, तेव्हा तिचे वृत्तनिवेदक म्हणूनही त्यांचीच निवड झाली. थायलंड त्या वेळी अमेरिकेच्या लष्करी गोटात होता, नेहरूंना असले गोट मुळीच मान्य नव्हते. तरी सर्वांना चालेल असा हा एक माणूस होता. अखेर १२ नोव्हेंबर १९५६ रोजी ते आमसभेचे अध्यक्ष झाले. समोर सुवेझ आणि हंगेरी ही दोन पेटलेली प्रकरणे. पुढे समुद्रविषयक कायद्याच्या १९५८ आणि १९६० च्या दोन्ही जागतिक परिषदांचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. पहिलीत चार करार झाले. दुसरीत किनाऱ्यालगतच्या समुद्राची रुंदी ठरवण्याचा प्रस्ताव एका मताने पडला.

येथेच थांबले असते तर हे चरित्र गौरवग्रंथात शोभले असते. पण इतिहास शिकवणाऱ्याला पुढचे पान उलटावे लागते.

१९५२ मध्ये फिबून यांच्या सरकारने शांतता चळवळीतील लेखक-पत्रकारांची धरपकड केली. त्यात कुलाप साइप्रादित होता. तोच, 'प्रचाचात'चा संपादक. त्याला तेरा वर्षांची शिक्षा झाली. १९५७ मध्ये माफी मिळून तो सुटेपर्यंत त्याच्या एकेकाळच्या वृत्तपत्राचे मालक त्याच सरकारचे परराष्ट्रमंत्री होते. पुढच्या वर्षी कुलाप चीनच्या दौऱ्यावर गेला असताना बँकॉकमध्ये पुन्हा सत्तापालट झाला आणि तो परत येऊ शकला नाही. १९७४ मध्ये बीजिंगला परागंदा अवस्थेत त्याचा अंत झाला. प्रीदीही १९४७ च्या लष्करी उठावानंतर देशोधडीला लागले होते. उपसर्गांवर वाद घालणाऱ्या दोघांपैकी एक परदेशी आश्रयाला, दुसरा मंत्रिमंडळात.

आणि तो शब्द? २० ऑक्टोबर १९५८ रोजी फील्ड मार्शल सरित यांनी संविधान रद्द केले, संसद विसर्जित केली, पक्षांवर बंदी घातली, आणि या कृत्याला नाव दिले 'पतिवत', क्रांती. आपल्या मंडळालाही त्यांनी 'खना पतिवत', क्रांतिगण म्हटले. १९३२ मध्ये राजाची निरंकुश सत्ता घालवणाऱ्या घटनेसाठी जो शब्द घडवला, तो सव्वीस वर्षांनी सेनापतीच्या निरंकुश सत्तेच्या दारावर लागला. 'प्रति' म्हणजे मागे फिरणे, हा प्रीदींचा आक्षेप असा खरा ठरेल, हे त्यांनाही वाटले नसेल. १९५९ मध्ये सरित यांनी वीस कलमांचा एक तात्पुरता कायदा काढला. त्याच्या सतराव्या कलमाने पंतप्रधानाला न्यायालयाशिवाय शिक्षा फर्मावण्याचा अधिकार दिला, आणि त्याखाली माणसे गोळ्या घालून मारलीही गेली. या कायद्याचे नाव 'रत्थथम्मनून' नव्हते. 'राष्ट्र' गळाले होते. जुना 'थम्मनून' तेवढा उरला होता. ज्याने ते 'राष्ट्र' जोडले, तो त्या सरकारात उपपंतप्रधान होता, आणि साठीचे दशक सरत येईपर्यंत राहिला.

याचा न्याय कसा करावा? त्यांचे समर्थक म्हणतात की राजवटी येतात-जातात, देशाला जगात बोलणारा माणूस सतत लागतो. त्यांनी देशाची सेवा केली, सेनापतींची नव्हे. यात तथ्य आहे. १९४६ चा प्रसंग आठवला की मी हे म्हणणे झिडकारू शकत नाही. पण शब्द घडवणाऱ्यावर इतरांपेक्षा एक जबाबदारी अधिक असते असे मला वाटते. आपला शब्द उलट्या अर्थाने वापरला जात आहे हे देशात सर्वांआधी ज्याला कळले असेल, तो हाच माणूस. आणि तो गप्प राहिला. हळू चालण्याचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्याला कधी जागीच थांबून 'नाही' म्हणता यायला हवे होते. अर्थात हे मी एका शाळेच्या सुरक्षित खुर्चीवरून लिहीत आहे, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे.

१९६३ ते १९७१ ते थम्मसात, म्हणजे 'धर्मशास्त्र' विद्यापीठाचे कुलगुरू होते. हे विद्यापीठ प्रीदींनी १९३४ मध्ये स्थापन केलेले. रॉयल इन्स्टिट्यूटच्या शब्दसमितीचे कामही चालूच होते. उतारवयातही शास्त्रीय परिभाषेच्या याद्या तपासण्यात ते रमत. १९७३ च्या ऑक्टोबरात कायम संविधानाची मागणी करणारी पत्रके वाटल्याबद्दल तेरा जणांना अटक झाली आणि थम्मसातच्या आवारातून विद्यार्थ्यांचा लोंढा रस्त्यावर उतरला. लाखो तरुणांच्या तोंडी मागणी होती 'रत्थथम्मनून'ची. सेनापतींना देश सोडावा लागला. ब्याऐंशी वर्षांच्या शब्दकर्त्याच्या कानावर तो घोष गेला असणारच.

५ सप्टेंबर १९७६ रोजी ते निवर्तले. पुरता महिना लोटला, आणि ६ ऑक्टोबरला त्याच थम्मसातच्या मैदानावर विद्यार्थ्यांची कत्तल झाली. सायंकाळी लष्कराने सत्ता घेतली. या वेळी मंडळाच्या नावात 'पतिवत' नव्हता, 'पतिरूप' होता: सुधारणा. 'रिफॉर्म'साठी हा प्रतिशब्दही वान यांचाच. संस्कृतात प्रतिरूप म्हणजे प्रतिमा. पालीत त्याला 'खऱ्यासारखे दिसणारे' अशीही एक छटा आहे.

१९९१ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त युनेस्कोने त्यांचा जागतिक स्मरणीय व्यक्तींमध्ये गौरव केला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बँकॉकमध्ये आणखी एक लष्करी सत्तापालट होऊन गेला होता, आणि ऑगस्टात शताब्दीचा दिवस आला तेव्हा देश नव्या रत्थथम्मनूनचा मसुदा पुरा होण्याची वाट पाहत होता.